सांगलीत घराचं काम काढताय? आधी ठेकेदाराचं चालू काम बघून या

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गच्चीवरचा जुना कोबा उखडला, आणि उखडणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेनासा झाला. साठ टक्के पैसे त्याच्या हातात जाऊन बसले होते. ‘वैनी, माल एकदम उचलला की स्वस्त पडतोय,’ हे त्याचं म्हणणं मला इतकं पटलं की मी मुदत ठेव मोडून पैसे दिले. जूनच्या पहिल्या पावसात हॉलमध्ये चार बादल्या, दोन घमेली आणि देवघरावर उघडी छत्री, असा आमचा संसार होता. तो माणूस वाईट होता असंही मला आता वाटत नाही. माझ्या पैशातून त्यानं आधीच्या कामाची दुकानातली उधारी भागवली, आणि माझं काम पुढच्या कुणाच्या तरी पैशातून होणार होतं. ते पुढचं काम त्याला मिळालंच नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या मिस्त्रींकडून गच्ची करून घेतली, आणि तिच्यासोबत न्हाणीघरही. त्यावर तीन पावसाळे गेले. आता बदलीवर आलेले, नवं घर घेतलेले, आईवडिलांचं जुनं घर ताब्यात आलेले ओळखीतले लोक विचारतात, ‘तुमच्या माणसाचा नंबर द्या की.’ नंबर देते. पण नुसत्या नंबरानं काम भागत नाही, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी दुखणं कळू दे

दुखणं काय ते ठरायच्या आधी ठेकेदाराला बोलावलं, तर तो त्याला जे येतं तेच सुचवतो. फरशीवाला म्हणतो फरशी बसवू, केमिकलवाला म्हणतो दोन कोट मारू. आपल्याकडची चार दुखणी तर अशी आहेत की ती ओळखली नाहीत तर चांगला माणूस मिळूनही पैसे पाण्यात जातात.

पहिलं काळ्या मातीचं. कृष्णाकाठची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर उभं घरही तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग एप्रिलमध्ये रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक होत असेल, तर दुखणं पायात आहे, गिलाव्यात नाही. भेग जिथं संपते तिथं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. सहा महिन्यांनी ती रेघ ओलांडून पुढं गेली असेल तर गवंड्याच्या आधी इंजिनिअर.

दुसरं लोणा लागण्याचं, म्हणजे भिंतीवर क्षार फुटण्याचं. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात क्षारपड जमिनी काय असतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोच क्षार पाण्याबरोबर पायातून भिंतीत चढतो. खालचा दोन-तीन फूट गिलावा फुगतो, पांढरी भुकटी झडते, हात लावला की रंगाचे पापुद्रे निघतात. त्यावर पुट्टी मारून रंग देणारा माणूस दीड वर्षांनी पुन्हा रंगाचे पैसे घ्यायला येतो. कामाचा माणूस आधी विचारतो की न्हाणीचं पाणी कुठं जातं, जोत्यावर ओल अडवणारा थर घातलाय का, बांधताना बोअरचं पाणी वापरलं होतं का.

तिसरं जुन्या मातीच्या भिंतींचं. गावभागातल्या जुन्या वाड्यांत ओटीपासून माजघरापर्यंत जाड मातीच्या भिंती आहेत. त्या श्वास घेतात, म्हणजे आतली ओल वाफ होऊन बाहेर जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि काही वर्षांत गिलावा भिंतीपासून सुटून पत्र्यासारखा वाजू लागतो. अशा घरात ठेकेदार पारखायला एकच प्रश्न पुरतो: ‘या भिंतीला काय लावायचं?’ बोटानं भिंत दाबून बघून जो चुन्याचं नाव काढतो त्याला बसवून चहा द्या.

चौथं महापुराचं. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नव्यानं आला असाल तर शेजारच्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण विचारून बघून घ्या. त्या खुणेच्या खाली जो ठेकेदार पीओपी, प्लायवूडची कपाटं आणि कमरेएवढ्या उंचीवर प्लगपॉइंट सुचवतो, तो एक तर बाहेरचा आहे किंवा त्याला तुमच्या घराचं सोयरसुतक नाही.

याशिवाय भिंत काढणं, मजला चढवणं, जिना हलवणं. ऐंशीच्या दशकातली इथली बरीच घरं कॉलमवर नाहीत, भिंतींवर उभी आहेत. दारात उभं राहून ‘ही मधली भिंत काढू, हॉल मोठा दिसंल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. असल्या कामाला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हवाच, आणि त्याची फी तुम्हीच द्यायची. ठेकेदारानं फुकट आणलेला इंजिनिअर ठेकेदाराचाच असतो.

नावं कुठून काढायची

नातेवाईक, शेजारी, ऑफिस हे सगळे विचारतातच. माझा अनुभव असा की सगळ्यात खरी माहिती सिमेंट-सळईच्या दुकानात मिळते, पण प्रश्न बरोबर पाहिजे. ‘चांगला ठेकेदार सांगा’ म्हटलं तर दुकानदार ज्याच्याकडून जास्त माल उठतो त्याचं नाव घेणार. त्याऐवजी दोन-तीन नावं घेऊन जा आणि विचारा, ‘यांची उधारी वेळेवर येते का?’ दुकानदार तोंडानं काही बोलणार नाही कदाचित, पण त्याचा चेहरा बोलतो. उधारीत बुडालेला माणूस कितीही कसबी असला तरी तुमची उचल तुमच्या घराला लागत नाही. मी हा प्रश्न गच्ची उखडल्यावर विचारला. दुकानदार म्हणाला, ‘ताई, आधी यायचं की.’

तीन नावं पुरेत. दहा जणांकडून दर मागवले की डोकं फिरतं, आणि शेवटी माणूस सगळ्यात स्वस्ताकडेच जातो.

चालू कामावर जा

या लेखातलं काहीच करायला वेळ नसेल तर एवढं तरी करा. पुरं झालेलं घर ठेकेदार हौसेनं दाखवतो. तिथं रंग दिलेला असतो, घरमालक नव्या घराच्या आनंदात असतो, आणि रंगाखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. तुम्ही म्हणायचं, ‘सध्या कुठं चालू आहे ते सांगा, मी जाऊन येते.’ आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा थोडं आधी किंवा नंतर जायचं.

दारातच सिमेंटची पोती दिसतील. ती फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचलीत, की थेट जमिनीवर टाकलीत? पोत्यावर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटची ताकद बरीच उतरलेली असते. हाताला खडे लागत असतील तर ते पोतं कुठं वापरलं जातंय ते बघा.

मग माल कालवताना बघा. पन्नास किलोचं एक पोतं म्हणजे सव्वा घनफूट. म्हणून मापाची पेटी तेवढीच असते, एक पोतं सिमेंटला इतक्या पेट्या वाळू आणि इतक्या पेट्या खडी. पेटीच नसेल आणि नुसती घमेली मोजत असतील, तर कुणाचं घमेलं शिगोशिग, कुणाचं सपाट. त्याहून महत्त्वाचं पाणी. स्लॅबच्या काँक्रीटला एका पोत्यामागं साधारण २५ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाइप सोडून खिरीसारखं पातळ केलं की ओतायला सोपं जातं, म्हणून सगळे करतात. जादा पाणी वाळून गेलं की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, आणि पुढं पावसाचं पाणी त्याच वाटेनं खाली येतं. पाणी कुठलं वापरतात तेही विचारा. खारट बोअरच्या पाण्यानं सळई आतून गंजते.

सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे लावलेत का? स्लॅबला तळाशी २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४० मिलिमीटर काँक्रीट सळईच्या बाहेर हवं. ठोकळ्यांऐवजी खडीचे तुकडे सारलेले दिसले तर ओतताना ते सरकणार, सळई खाली बसणार, आणि दहा वर्षांनी छताचे पोपडे पडून तांबूस गंजलेली सळई उघडी पडणार. असं छत तुम्ही कुठल्या तरी जुन्या इमारतीत पाहिलं असेलच.

विटा भिजवून लावतात की कोरड्याच? भिंतीला ओळंबा सोडलेला दिसतो का? काल झालेला गिलावा ओला आहे का? पाणी मारणं हे आपल्याकडचं सगळ्यात टाळलं जाणारं काम. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस ओल धरून ठेवावी लागते. बाजारात हल्ली बहुतेक पीपीसीच मिळतं. कॉलमला ओली पोती गुंडाळलेली आणि स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवलेलं दिसलं की त्या ठेकेदाराला निम्मे मार्क माझ्याकडून तिथंच. ‘पाणी घरमालकानं मारायचं’ असं ठरलं असेल तर तेही चालतं, पण ते आधी सांगितलेलं पाहिजे.

गवंड्यांशी बोला. ठेकेदार नसताना. बाजारच्या दिवशी पगार होतो का, एवढंच विचारा. जत, विजापूर भागातून आलेली जोडपी कामावर असतील तर त्यांची पोरं कुठं असतात, प्यायला पाणी आहे का, हेही नजरेनं टिपा. मजुरांचे पैसे थकवणारा ठेकेदार तुमचं काम मध्येच सोडतो, कारण आधी त्याचे गवंडी त्याला सोडतात. आमच्या दुसऱ्या मिस्त्रीमामांच्या कामावर मी गेले तेव्हा ते स्वतः वाकून नळीतलं पाणी बघत जोत्याची पातळी घेत होते. मला म्हणाले, ‘थांबा ताई, हे हलवू नका, पाच मिनटं.’ पाच मिनिटांची वीस झाली. मला तेव्हाच बरं वाटलं.

चालू कामानंतर त्याच माणसाचं निदान तीन पावसाळे झालेलं एक काम बघा. त्या घरात जाऊन गच्चीचा कठडा आणि गच्ची जिथं मिळते ती कड बघा. तिथं सिमेंटची गोलाई असते, तीच आधी सुटते. न्हाणीघराच्या मागच्या बाजूची भिंत, म्हणजे बहुतेक वेळा झोपायच्या खोलीची, तिला ओल आहे का? रुपयाच्या नाण्यानं फरशी वाजवत जा. ठक वाजली तर ठीक. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. हे करताना लाजायला होतं, मलाही झालं होतं. घरमालकीणबाईंनी स्वतःच नाणं काढून दिलं.

दर

तिघांनाही एकच कागद द्या, त्यावर कामाची यादी मापांसह. तुम्ही कागद दिला नाहीत तर एकजण चौरस फुटावर सांगतो, दुसरा उक्तं सांगतो, तिसरा म्हणतो ‘बघू की, घरचंच काम आहे.’ हा तिसरा सर्वात महाग पडतो.

दराच्या आत काय आहे ते विचारा. पाडकाम कुणाचं, राडारोडा कोण आणि कुठं टाकणार, परांची, वीज, पाणी. गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार का? जीएसटीचं बिल देणार असेल तर १८ टक्के दरात आहेत की वर?

छोट्या कामाला माल आपण आणावा आणि लेबर त्यांचं, असं माझं मत. कटकट होते, रोज दुकानात पळावं लागतं, पण माल डोळ्यांसमोर येतो. मोठ्या कामाला मालासहित द्या, मात्र सिमेंट, सळई, पाइप, वायर यांचे ब्रँड आणि दर्जा लिहून घ्या. मग आलेला माल मोजायला शिका, अवघड नाही. वाळू ब्रासवर असते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून टेपनं मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली ९० घनफूट होते, ब्रास नाही. सळईचं वजन काढायला जाडीचा वर्ग करून १६२ नं भागा, म्हणजे एका मीटरचे किलो येतात. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरते, १० मिलिमीटरची ७.४. एक-दोन सळया वजन करून बघितल्या की हलकी सळई कळते. मी ही आकडेमोड वहीत करत होते ते बघून सळईवाल्यानं न सांगता दुसरा गठ्ठा काढला.

कागद आणि पैसे

ओळखीचा असो, भावकीतला असो, लिहून घ्या. भावकीतला असेल तर आधी लिहून घ्या. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर कामाची यादी, मापं, दर, मालाचे ब्रँड, सुरू करायची आणि संपवायची तारीख, जादा काम निघालं तर त्याचा दर, मजुराला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, आणि गळती लागली तर किती वर्षं फुकट दुरुस्ती. ‘जादा काम लेखी सांगितल्याशिवाय धरणार नाही’ ही ओळ माझ्या कागदात नव्हती, आणि शेवटी अठ्ठावीस हजारांचा वाद त्यावरच झाला. चांगल्या मिस्त्रींबरोबरच झाला.

पैसे कामाच्या एक पाऊल मागं राहिले पाहिजेत. समजा गच्ची आणि न्हाणीघर मिळून तीन लाखांचं काम आहे. सुरुवातीला ३० हजार. पाडकाम होऊन राडारोडा उचलल्यावर ४५ हजार. कोबा होऊन पाण्याची चाचणी झाल्यावर ९० हजार. नळ आणि फरशी झाल्यावर ७५. सगळं आवरून दिल्यावर ३०. आणि उरलेले ३० एक पावसाळा गेल्यावर. एवढ्या आगाऊत माल येत नाही असं म्हणाला तर त्याचं बरोबर आहे, पण मग मालाचे पैसे थेट दुकानदाराला द्या आणि बिल आपल्या नावाचं घ्या. पैसे चेकनं किंवा मोबाइलवरून द्या म्हणजे नोंद राहते. आणि एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं त्यालाही चालत नाही.

परवानगीचं थोडक्यात: रंग, गिलावा, फरशी, कौलं बदलणं याला सहसा परवानगी लागत नाही. खोली वाढवायची, मजला चढवायचा, तर महापालिकेची परवानगी आधी. नदीकडच्या भागात पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा बघूनच आराखडा होतो. ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणणाऱ्याकडून मंजूर नकाशाची प्रत हातात घेतल्याशिवाय पायाची कुदळ मारू देऊ नका.

काम चालू झाल्यावर

हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात गच्ची उखडू नका. वळवाचा पाऊस कुणाला विचारून येत नाही.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं जाऊन या, फोटो काढा. भिंतीतले पाइप आणि वायर गिलाव्याखाली जायच्या आधी भिंतीला टेप लावून फोटो काढला तर पुढं खिळा ठोकताना तोच नकाशा होतो. न्हाणीघराची फरशी बसण्याआधी जाळीचं तोंड बांधून ४८ तास पाणी भरून ठेवायला लावा आणि खालच्या खोलीत जाऊन छत बघा. गच्चीलाही तेच. स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस हलवू द्यायचे नाहीत, स्लॅबखालच्या भिंती किंवा बीममधलं अंतर साडेचार मीटरहून जास्त असेल तर १४ दिवस. सेंट्रिंगवाल्याला दुसरीकडे प्लेटा लागतात, म्हणून तो चौथ्या दिवशीच येऊन उभा राहतो.

सूचना गवंड्याला देऊ नका, ठेकेदारालाच द्या. घरातून एकानंच द्या. आमच्याकडं मी एक सांगायचे आणि सासूबाई दुपारी दुसरं, त्यात न्हाणीतला कोनाडा दोनदा फुटला.

बिनसलंच तर आधी काम थांबवा, झालेल्या कामाची मापं त्रयस्थ इंजिनिअरकडून लिहून घ्या, आणि स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. ‘रेरात जातो’ अशी धमकी देऊ नका, रेरा बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी आहे, घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कागद, पावत्या आणि फोटो असतील तरच तिथं बोलता येतं. पहिल्या माणसाबाबत माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं, म्हणून ते पैसे मी सोडले.

राखून ठेवलेल्या पैशांबद्दल एक सांगायचं राहिलं. मिस्त्रीमामा पहिल्या वर्षी गणपतीच्या आधी आले. तोवर जून-जुलैचा पाऊस होऊन गेला होता. गच्चीवर गेले, चारी कोपरे बघितले, एका ठिकाणी गोलाईला केसाएवढी चीर होती ती नखानं उकरून बघितली. म्हणाले, ‘ताई, हे भरून देतो. पण निम्मे आज द्या, पोरं गावाकडं जायची आहेत.’ कागदात तसं नव्हतं. मी पंधरा हजार दिले. बाकीचे दसऱ्यानंतर, चीर भरून झाल्यावर.